मरियेचा होकार आणि आपले तारण



४ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने मरियेविषयी एक दीर्घ टिपण प्रसिद्ध केले. 'मातेर पोपुली फिदेलिस' हे त्याचे नाव. त्यावर कार्डिनल व्हिक्टर मॅन्युएल फर्नांडेझ यांची सही आहे आणि पोप लिओ चौदावे यांची त्याला मान्यता आहे. मरियेला 'सहतारिणी', म्हणजे ख्रिस्तासोबतची तारणारी, म्हणणे केव्हाही अनुचितच, असा निर्वाळा त्यात दिलेला आहे. बातमी आपल्याकडच्या ख्रिस्ती वस्त्यांतही लगेच पोहोचली. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर कॅथलिक बाईंना वाटले, आपल्या आईचा मान कुणीतरी काढून घेतला. प्रोटेस्टंट मंडळीतल्या एका गृहस्थांना वाटले, पाचशे वर्षांनी का होईना, रोमला आपले म्हणणे पटले. मला या दोन्ही समजुती बरोबर वाटत नाहीत. पण दोघांचीही तळमळ खरी आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवे, म्हणून आज हा विषय निवडला.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा एक दंडक होता. दुसऱ्याचे मत खोडण्याआधी ते त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवा, असे ते विद्यार्थ्यांना बजावत. मरियेच्या बाबतीत हा दंडक दोन्हीकडच्यांनी फार मोडला आहे. कॅथलिक लोक मरियेची पूजा करतात आणि तिलाच तारक मानतात, असे कितीतरी प्रोटेस्टंट घरांत लहानपणापासून कानांवर पडते. प्रोटेस्टंटांना प्रभूच्या आईबद्दल आदरच नाही, असे कॅथलिक घरांत तितक्याच सहजपणे बोलले जाते. माझे माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट. दोन्हीकडे ही वाक्ये मी ऐकली आणि दोन्ही खरी नाहीत हे मला त्या घरांत राहूनच कळले. का खरी नाहीत, हे मात्र ग्रंथांत शोधावे लागले.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. भांडण मरियेवरून चालले आहे असे दिसते, पण त्याच्या मुळाशी तुम्हीआम्ही आहोत. देव माणसाला तारतो तेव्हा त्या माणसाच्या होकाराला तारणात काही जागा असते का? नासरेथच्या एका मुलीने देवदूताला 'हो' म्हटले. ते 'हो' म्हणजे नुसते स्वीकारणे होते, की देवाच्या कामात सामील होणे होते? मरियेचे स्थान किती उंच, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. आपण पाचशे वर्षे नंतरच्या प्रश्नावर भांडत आलो आणि आधीचा प्रश्न तसाच राहून गेला.

दोन्ही बाजूंची सामाईक जमीन वाटते त्याहून बरीच मोठी आहे. इ.स. ४३१ मध्ये एफेसस येथे महासभा भरली. कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष नेस्टोरियस यांचे म्हणणे असे की, मरियेला ख्रिस्ताची आई म्हणावे, देवाची आई म्हणू नये. अलेक्झांड्रियाचे सिरिल यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि महासभेने सिरिल यांची बाजू घेतली. हा निर्णय वरवर मरियेचा गौरव वाटतो, पण तो खरे तर येशूविषयीचा निर्णय होता. मरियेच्या कुशीतला तो बालक आणि सनातन देवपुत्र हे दोन वेगळे नाहीत, एवढेच त्यातून ठरले. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांपैकी ल्यूथर यांनी हा निर्णय कधीही नाकारला नाही. काल्व्हिन 'देवाची आई' हे शब्द वापरायला कचरत. पण ज्या श्रद्धेसाठी ते शब्द योजले गेले, ती श्रद्धा त्यांचीही होती.

त्याच्याही आधी, इ.स. १८० च्या सुमारास, लियोंचे बिशप इरेनियस यांनी हव्वा आणि मरिया यांना समोरासमोर उभे केले होते. हव्वेने ऐकले नाही आणि गाठ पडली. मरियेने ऐकले आणि गाठ सुटली, हा त्यांचा विचार. ते त्यापुढे जाऊन म्हणतात की, मरिया स्वतःच्या आणि साऱ्या मानवजातीच्या तारणाला कारण झाली. आजच्या प्रोटेस्टंट वाचकाला हे वाक्य बोचेल. पण इरेनियस यांच्या काळी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हा भेद जन्मालाही आला नव्हता, आणि त्यांच्या मनात मरियेच्या पुण्याईचा हिशेब नव्हता. त्यांना एवढेच सांगायचे होते की, माणसाच्या नकारातून जे बिघडले ते दुरुस्त करताना देवाने माणसाला बाजूला सारले नाही, माणसाचा होकार मागितला. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आता ल्यूथर. त्यांच्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण मराठी प्रोटेस्टंटांना त्यांचे हे रूप बहुधा कुणी दाखवलेले नसते. जानेवारी १५२१ मध्ये पोपने ल्यूथर यांना बहिष्कृत केले. एप्रिलमध्ये त्यांना वर्म्स येथे सम्राटासमोर उभे राहावे लागले. तिथून ते वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपले. आयुष्यातल्या या सर्वांत वादळी महिन्यांत ते काय लिहीत होते? लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरियेचे स्तुतिगीत आहे, त्यावरचे भाष्य. वर्म्सला जायच्या आधी ते सुरू केले होते, किल्ल्यात पुरे केले. सॅक्सनीचा तरुण राजपुत्र योहान फ्रीडरिश याला ते अर्पण केलेले आहे. आरंभी ल्यूथर मागणे मागतात की, हे गीत समजून सांगण्यासाठी लागणारे शहाणपण देवाच्या कोमल मातेनेच मिळवून द्यावे. शेवटी ख्रिस्ताकडे मागतात तेही त्याच्या लाडक्या आईच्या मध्यस्थीने. बहिष्कृत झालेल्या माणसाने लिहिलेले हे शब्द आहेत.

भाष्याचा गाभा मात्र स्पष्टपणे नव्या वळणाचा आहे. देवाने आपल्या दासीच्या दीन स्थितीकडे पाहिले, असे मरिया गाते. जुन्या प्रवचनकारांनी यातून मरियेच्या नम्रतेची थोरवी सांगितली होती: ती इतकी नम्र, म्हणून देव तिच्यावर प्रसन्न झाला. ल्यूथर म्हणतात, गीताचा अर्थ असा घेतला तर ते गीतच बिघडते. जो आपल्या नम्रतेकडे बोट दाखवतो तो नम्र कसला? मरिया स्वतःच्या कोणत्याही गुणाचा उच्चार करीत नाही. तिचे सारे लक्ष देवाच्या पाहण्यावर आहे. नासरेथसारख्या गावातली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली एक मुलगी. तिच्याकडे देवाने पाहिले, आणि त्या पाहण्याने ती धन्य झाली. म्हणून मरिया ही ल्यूथर यांच्या लेखी कृपेचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. तिच्याकडे पाहणाऱ्याने तिच्यावरून देवाकडे पाहायला शिकावे. जो तिला साऱ्या गुणांची खाण करून उंच मखरात बसवतो, तो सामान्य माणसाला धीर देणारी तीच गोष्ट काढून घेतो, असे ल्यूथर यांचे म्हणणे. मला ते अगदी मनापासून पटते, आणि कॅथलिक असूनही पटते.

मग वाद पेटला कुठे? अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी. ल्यूथर यांचे सहकारी फिलिप मेलांख्टन यांनी १५३१ मध्ये औग्सबुर्ग कबुलीचे, म्हणजे ल्यूथरनांच्या विश्वासाच्या जाहीर निवेदनाचे, समर्थन लिहिले. त्यात संतांच्या धाव्याविषयी लिहिताना ते एक पाहिलेला प्रसंग सांगतात. धर्मशास्त्राचा एक पंडित मरणशय्येवर होता. त्याला धीर द्यायला एका संन्यासी धर्मशिक्षकाला बोलावले होते. त्या संन्याशाने मरणाऱ्या माणसाला एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, आणि ती मरियेला होती: शत्रूपासून राख, मरणाच्या घडीला जवळ घे. ख्रिस्ताचे नाव त्यात कुठेच नव्हते. मेलांख्टन यांचे दुःख इथे आहे. मरिया मंडळीसाठी प्रार्थना करते, हे ते मान्य करतात. त्यांचा आक्षेप असा की, लोकांच्या मनात ख्रिस्त कठोर न्यायाधीश होऊन बसला आहे आणि दया मात्र आईकडे गेली आहे. ज्याने माणसासाठी क्रूस सोसला त्याची माणसाला भीती वाटावी आणि त्याला मनवण्यासाठी तिसऱ्याची गरज भासावी, यात शुभवर्तमानच उलटे होते.

कॅथलिक श्रोत्यांना माझी विनंती आहे, हा आक्षेप वैऱ्याचा समजू नका. आपल्याकडे आजही जिथे मरियेकडे जायचे कारण 'येशू ऐकेल की नाही कोण जाणे' हे असते, तिथे तो जसाच्या तसा लागू पडतो. विसाव्या शतकातले डोमिनिकन धर्मपंडित इव्ह काँगार यांनीही आपल्या लोकांना बजावले की, सांत्वन करणे, अंतरात राहणे, ख्रिस्ताकडे नेणे ही पवित्र आत्म्याची कामे आपण कधी कधी मरियेच्या नावावर घातली आहेत.

पण कॅथलिक शिकवण खरोखर काय आहे, तेही नीट ऐकून घ्यायला हवे. प्रोटेस्टंट मित्र विचारतात, मरिया पापाविना जन्मली असे तुम्ही म्हणता, मग तिला तारणारा लागलाच नाही ना? पण तिच्या गीतात तर ती देवाला आपला तारणारा म्हणते! प्रश्न रास्त आहे, आणि मध्ययुगातल्या थोर कॅथलिकांनाही तो पडला होता. क्लेर्व्होचे बर्नार्ड हे मरियेचे निस्सीम भक्त; तरी लियोंच्या धर्मगुरूंनी तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण सुरू केला तेव्हा त्यांनी खरमरीत पत्र लिहून विरोध केला. थॉमस अक्वायनस यांनाही हा विचार मान्य झाला नाही. वाट सापडली ती स्कॉटलंडच्या फ्रान्सिस्कन डन्स स्कोटस यांना, जे १३०८ मध्ये कोलोन येथे वारले. एक माणूस खड्ड्यात पडला आणि त्याला कुणी बाहेर काढले. दुसरा पडणार तोच कुणी त्याचा हात धरला. वाचवले दोघांनाही, आणि दुसऱ्यावर उपकार झालाच तर जास्त झाला. मरिया दुसऱ्या प्रकारची. ख्रिस्ताच्या पुण्याईनेच, पण आधीच राखलेली. पोप पायस नववे यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी जो सिद्धान्त जाहीर केला, त्यातही हे ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे झाले असे नमूद आहे. म्हणजे कॅथलिकांच्या अधिकृत शिकवणीत मरिया तारलेल्यांपैकीच एक आहे, तारलेल्यांतली पहिली आहे. ती आपल्या बाजूला उभी आहे. हे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पुरेसे ठासून सांगितले जात नाही.

१८५४ चा हा सिद्धान्त आणि १ नोव्हेंबर १९५० चा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धान्त, यांवर प्रोटेस्टंटांचा खरा राग मरियेमुळे नाही. पवित्र शास्त्रात उघड नसलेली गोष्ट मानणे बंधनकारक करण्याचा अधिकार कुणाला, हा तो प्रश्न आहे. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात तो आपल्या अगदी जवळ येतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, आणि त्या तिथे पाहुण्या होत्या त्या अँग्लिकन भगिनींच्या संघाचे नाव 'कुमारी संत मरियेचा संघ' असे होते. याच संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौद येथे काम करीत. संघातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या पुन्हा पुन्हा हेच सांगतात: ख्रिस्त मी स्वीकारला, पण माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कोणत्याही चर्चच्या ताब्यात दिलेली नाही. मरियेचे नाव घेतलेल्या घरात राहून, त्या घराचे उपकार मानून रमाबाई हे लिहीत होत्या. त्यांच्या या बाणेदारपणाशी तर्काने झगडता येते, पण तो अनादर आहे असे कुणी म्हणू नये.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा वाद कसा उतरला, ही एक वेगळीच कथा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधल्या विल्टशरचे. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक म्हणून राहणे धोक्याचे झाले होते. ते रोमला गेले, जेसुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून झाले, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे. त्यांच्या जन्माच्या दहा-बारा वर्षे आधी, १५३८ मध्ये, वॉल्सिंगहॅमचे मरियेचे प्रसिद्ध तीर्थस्थान राजाज्ञेने उद्ध्वस्त झाले होते. ज्या देशात मरियेचे मूर्तिमंदिर पाडले गेले, त्या देशातला माणूस साष्टीत बसून तिची कथा मराठी ओवीत गातो. प्रोटेस्टंट-कॅथलिक फुटीची ही खूण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे, आणि आपण ती फारशी लक्षात घेत नाही.

दुसऱ्या टोकाला रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे मरियेच्या भक्तीला अजिबात थारा नसलेल्या परंपरेचे. पण त्यांचे मन पडले वारकरी संतांच्या वाणीवर वाढलेले. त्यांना आई हवीच होती. त्यांनी ख्रिस्तालाच आई म्हटले. ही नुसती कविकल्पना मानून पुढे जाऊ नये. मेलांख्टन यांनी जी तक्रार केली होती, की दया ख्रिस्ताकडून काढून आईला दिली गेली, तिचे उत्तर एका मराठी कवीने दिले: आईपण ख्रिस्ताला परत दिले. मी जितका या गोष्टीचा विचार करते तितके मला वाटते की, टिळक हे या वादातले आपले सर्वांत मोठे विचारवंत आहेत, आणि कॅथलिकांनी त्यांना या दृष्टीने वाचायला हवे.

वांद्र्याला मात्र लोक आईकडेच जातात. ८ सप्टेंबरच्या सणाला माउंट मेरीच्या, कोळ्यांच्या 'मोत माउली'च्या चढावर मेणाच्या वस्तूंची दुकाने लागतात. नुसत्या मेणबत्त्या नव्हेत. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे बाळ, मेणाचे घर. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो, ज्यांच्या घरी पाळणा हललेला नाही ती जोडपी बाळ घेतात. घेणाऱ्यांत हिंदू, पारशी, मुसलमान, सगळे असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते, तिथेही असाच लोटलेला गाव दिसतो. आणि हाच जिल्हा १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचा बालेकिल्ला. एकाच शिवारात एका घरी जपमाळ आहे आणि शेजारच्या घरी ती नाही, एका घरची मुलगी दुसऱ्या घरी सून म्हणून जाते, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे.

मेणाचे बाळ हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला मरिया सहतारिणी आहे का, असे विचारले तर तिला प्रश्नच कळणार नाही. ती पापातून सुटायला आलेली नाही; लेकरू मागायला आली आहे, आणि बाईचे दुःख बाईला कळेल या भरवशावर आली आहे. तिला मूर्तिपूजक म्हणणे हा कठोरपणा आहे. पण इथून ती आईच्या मुलापर्यंत पोहोचते का, हे पाहण्याची जबाबदारी कॅथलिक धर्मगुरूंची आहे. काना गावच्या लग्नात मरियेने द्राक्षारस संपल्याचे येशूला सांगितले, आणि चाकरांना म्हणाली की तो सांगेल तसे करा. तिची मध्यस्थी एवढीच, आणि ती पुरेशी होती.

आता रोममधला एक दिवस. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत प्रश्न आला की, मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज करावा, की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिचा अध्याय घालावा? २४ ऑक्टोबर १९६३ रोजी मनिलाचे कार्डिनल रूफिनो सांतोस स्वतंत्र दस्तऐवजाच्या बाजूने बोलले. त्यांचे म्हणणे, मरियेचे स्थान चर्चच्या चौकटीत मावत नाही. व्हिएन्नाचे कार्डिनल फ्रान्झ क्योनिग दुसऱ्या बाजूने बोलले. चर्चपासून तोडलेली मरिया आपल्यालाच नीट कळणार नाही, आणि इतर ख्रिस्ती बांधवांना तर मुळीच कळणार नाही, हा त्यांचा मुद्दा. पाच दिवसांनी, २९ तारखेला, मतदान झाले. चर्चच्या दस्तऐवजात घालावे या बाजूने १,११४ मते पडली, विरोधात १,०७४. फरक ४० मतांचा. या महासभेत बहुतेक ठराव हजारोंच्या फरकाने मंजूर होत होते. इथे सभागृह जवळजवळ मधोमध चिरले गेले. दोन्हीकडचे बिशप मरियेचे भक्तच होते. काहींना वाटले, आज आपण आपल्या आईविरुद्ध मत दिले की काय.

वर्षभराने, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, तोच दस्तऐवज २,१५१ विरुद्ध ५ अशा मतांनी मंजूर झाला. त्याच्या आठव्या अध्यायात पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातील एकमेव मध्यस्थाचे वचन आधी घेतले आहे आणि मरियेचे सारे कार्य त्याखाली मांडले आहे. मरियेच्या मातृत्वाने ख्रिस्ताच्या मध्यस्थीत काही भर पडत नाही आणि उणेही होत नाही, असे तिथे बजावलेले आहे. 'सहतारिणी' ही उपाधी त्यात मुद्दाम घातलेली नाही. त्याच वेळी, मरिया देवाच्या हातातले निर्जीव साधन नव्हती, तिने विश्वासाने आणि मोकळ्या मनाने साहाय्य केले, असे म्हणून इरेनियस यांची आठवण काढली आहे. माझ्या मते ४० मतांनी घडलेला तो निर्णय गेल्या पाचशे वर्षांत या वादात घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय होता. मरिया विश्वासणाऱ्यांच्या रांगेत परत आली. ऑगस्टीन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी हेच म्हटले होते: मरियेचे मोठेपण येशूला उदरात धारण करण्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवण्यात अधिक आहे. येशूच्या आईला एका बाईने गर्दीतून धन्य म्हटले, तेव्हा देवाचे वचन ऐकून पाळणारे धन्य, असे येशूचे उत्तर होते. प्रोटेस्टंट प्रवचनांत हे वचन मरियेला गप्प बसवण्यासाठी वापरले जाते, पण लूकच्या शुभवर्तमानात वचन ऐकून पाळणारी पहिली व्यक्ती कोण आहे? पहिला अध्याय उघडून पाहा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी औग्सबुर्ग येथेच ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. नंतर मेथॉडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड चर्चेसही तिच्याशी जोडली गेली. त्यातील एका भागात माणसाच्या सहभागाचा प्रश्न घेतला आहे. कॅथलिक म्हणतात, माणूस देवाच्या कृतीला संमती देतो आणि या अर्थाने सहकार्य करतो, पण ही संमतीसुद्धा कृपेचेच फळ आहे. ती त्याच्या अंगच्या बळातून येत नाही. ल्यूथरन म्हणतात, माणूस आपल्या तारणात काहीही भर घालू शकत नाही, तो फक्त घेऊ शकतो. पण विश्वास ठेवताना तो सर्वस्वाने त्यात असतो, हे आम्ही नाकारत नाही. दोघांनी एकमेकांचे हे म्हणणे आपल्या श्रद्धेच्या विरोधात नाही असे मान्य केले.

मित्रहो, या घोषणेत मरियेची चर्चा नाही. पण हा भाग लूकचा पहिला अध्याय समोर ठेवून वाचून पाहा. देवदूत येतो, पुढाकार सगळा देवाचा. मुलगी घाबरते, प्रश्न विचारते, हे कसे होईल म्हणते. मग होकार देते. हा होकार कृपेने दिलेला, आणि तरी तो तिचाच आहे; दुसरे कुणी तिच्या वतीने तो देत नाही. कॅथलिकांना ज्याची काळजी आहे ते इथे शाबूत आहे, ल्यूथरनांना ज्याची काळजी आहे तेही शाबूत आहे. मग 'सहतारिणी' या उपाधीची गरज कुठे उरते? ती उपाधी वापरली की लगेच दहा वाक्यांनी तिचा अर्थ सावरावा लागतो. २०२५ च्या टिपणाचे म्हणणे नेमके हेच आहे: जे नाव दरवेळी समजावून सांगावे लागते, ते विश्वासणाऱ्यांच्या उपयोगाचे नाही. त्याच टिपणातला दुसरा मुद्दा मला अधिक खोल वाटतो. साऱ्या कृपा मरियेच्याच हातून मिळतात असे म्हणणाऱ्यांना ते विचारायला लावते: तिला स्वतःला मिळालेली कृपा मग कुणाच्या हातून मिळाली? ती पहिली तारलेली. तिला मिळालेल्या कृपेची मध्यस्थ ती स्वतः असू शकत नाही.

म्हणून त्या वयस्कर बाईंना मी सांगितले की, तुमच्या आईचा मान गेलेला नाही. तिला परत आपल्यात आणून बसवले आहे, आणि तिचा 'हो' तिच्याजवळच आहे. प्रोटेस्टंट गृहस्थांना सांगितले की, रोमने तुमचे ऐकले असे तुम्हाला वाटत असेल, तर आता तुम्हीही ल्यूथर यांचे १५२१ चे भाष्य ऐका. ज्या मंडळीत वर्षभर मरियेचे नाव फक्त नाताळच्या नाटकात येते, ती मंडळी ल्यूथर यांच्या वाटेवर आहे असे मला म्हणवत नाही.

एक मतभेद उरतो, आणि तो खरा आहे. मरियेला हाक मारावी का? 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग देवदूताचे आणि अलीशिबेचे शब्द आहेत, सगळे लूकच्या शुभवर्तमानातले. दुसऱ्या भागात आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर असे मागणे आहे. त्याचा आजचा पाठ सोळाव्या शतकात पक्का झाला. १५२२ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकात ल्यूथर यांनी दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना यांच्यासोबत पहिला भाग ठेवला. मरियेवर भरवसा ठेवू नका, तिला लाभलेल्या कृपेबद्दल देवाची स्तुती करा, असे सांगून ठेवला. आपल्या मिश्र घरांत हा अर्धा भाग एकत्र म्हणायला कुणाच्याच विश्वासाच्या आड काही येऊ नये.

दुसऱ्या भागावर आपण एकमत होणार नाही. पण त्यात तारण मागितलेले नाही, प्रार्थना मागितली आहे, जशी आपण आजारपणात शेजारच्या विश्वासू माणसाकडे मागतो. मेलेल्या विश्वासणाऱ्याला आपली हाक पोहोचते का, ख्रिस्तात जे गेले त्यांच्याशी आपले नाते मृत्यूने तुटते का, यावर दोन्ही बाजूंची उत्तरे वेगळी आहेत. हा प्रश्न पुनरुत्थानाविषयीच्या आपल्या समजुतीचा आहे, आणि मराठीत त्यावर दोन्हीकडच्या अभ्यासकांनी एका टेबलाशी बसून लिहायला हवे. त्या कामाची सुरुवात अहिल्यानगर जिल्ह्यात व्हावी असे मला वाटते, कारण तिथे दोन्ही परंपरा एकाच घरात नांदतात. इथे बसलेल्या पाळकांनी आणि फादरांनी ती मनावर घ्यावी, ही माझी विनंती आहे.